भिजल्या कापसाचा भाव

पोळ्याच्या जत्रेत रहाटपाळणा फिरवणारा तो माणूस दिग्रसला दरवर्षी भेटे. थेंब पडला की पाळणा थांबवी, पोत्याची खोळ डोक्यावर ओढी आणि म्हणे, "भिजला कापूस अन् भिजला मानूस, दोघायले भाव नाही."

मला बी.ए.पर्यंत शिकवणाऱ्या माझ्या मायनं पाळणा आजवर खालूनच पाहिला होता. यंदा हट्टानं तिला आणलं. ती बसली आणि पाऊस आला. ती उतरू लागली.

"बस माय," तो म्हणाला. आपली खोळ त्यानं तिच्या डोक्यावर घातली आणि पाळणा जोरात ढकलला. माय आभाळात चढली. खाली तो चिंब.

वरून माय हसत ओरडली, "भाऊ, तुमचा भाव पडला नं आज."

"पडू दे. तू घट्ट धर."