पालखीच्या वाटेवरची ॲम्ब्युलन्स

पेडणे तालुक्यातल्या मंडळींनो, आज सकाळी देवळात पालखीच्या दिवशीच्या वाहतुकीची बैठक होती. पाइपलाइनसाठी आमचा रस्ता अर्धा खणलाय, एकच बाजू उरलीय.

ठेकेदाराचा सुपरवायझर बेळगावचा. चराला बॅरिकेड, दोन्ही टोकांना माणूस, बाहेरच्या गाड्या तिठ्यावरूनच वळवायच्या, असं त्याने नीट मांडलं. पालखी पुढे जायला किती वेळ लागेल, एवढंच त्याने विचारलं.

आम्ही हसलो. पालखी दारोदार थांबते, आरत्या होतात. वेळ कोण सांगणार?

तेवढ्यात मागून शेवंतीकाकी म्हणाल्या, "माझ्या सुनेचे दिवस भरत इलेत. त्याच दिवशी कळो इल्यो तर गाडी खंयसून नेवची?"

त्यांच्या वाड्याला दुसरी वाट नाही.

शेवटी थोरले मानकरी म्हणाले, "पालखी रस्त्यार थांबवची नाय. माणसांसकट अंगणात घेवया. रस्तो मोकळो रवतलो."

तसंच ठरलं.

इतकी वर्षं पालखी रस्त्यातच थांबत आली. ॲम्ब्युलन्स कुठून जाणार, हे आम्हा पुरुषांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. तुमच्या गावात विचारलंय कुणी?