आधी रिकामा काटा दाखवा

महामारीत दुनियाभरच्या सरकारांना, त्यांच्या समित्यांना आणि टीव्हीवर रोज संध्याकाळी एकमेकांवर खेकसणाऱ्या तज्ज्ञांना जो प्रश्न सुटला नाही, तो माझ्या मामेसासऱ्यांनी नागपुरात हुडकेश्वरच्या घरात, समोरच्या खोलीत, एका पितळी तराजूवर सोडवला. जीव मोठा की धंदा, एवढाच तो प्रश्न. बाकीचे लोक ‘दोन्ही बाजू तोलून पाहायला हव्यात’ असं नुसतं म्हणत होते. मामाजींनी खरोखर काटा काढला, चिंचेनं घासला आणि तोलायला बसले. आम्ही त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पाहिलं म्हणजे काय, भोगलं आहे.

मामाजींचं इतवारीत भांड्यांचं दुकान. तांबं, पितळ, काही प्रमाणात नाइलाजानं स्टील. आयुष्यभर भांडी विकल्यामुळे या माणसाची दोनच ज्ञानेंद्रियं शाबूत राहिलीत असं माझं मत आहे: कान आणि तराजू. कुठलीही वस्तू दिसली की ते आधी तिच्यावर बोटाच्या पेरानं टण् करून वाजवतात आणि मान तिरकी करून ऐकतात. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातातलं वरणाचं पातेलं त्यांनी वाजवलं आहे. भटजींच्या हातातला कलश मंत्र चालू असताना वाजवून ‘तळाशी भोक बुजवायला डाग दिला आहे, महाराज’ असं सांगितलं आहे. आणि मला पाहायला आले तेव्हा, सगळ्यांच्या देखत माझ्या पाठीवर टकटक करून म्हणाले, ‘‘पोकळ नाही वाटून राहिला. द्या पोरगी.’’ एवढ्यावर थांबते तर ते मामाजी कसले! दुसऱ्या दिवशी दुकानात बोलावून मोडीची भांडी तोलायच्या मोठ्या काट्यावर मला उभं केलं, आकडा पाहिला आणि हळहळले. ‘‘माल कमी आहे गा, पण घडणावळ चांगली आहे.’’ मी कॉलेजात शिकवतो, विद्यार्थी मला वचकून असतात, आणि मामेसासरे मला ‘माल’ म्हणतात.

पण माणूस सचोटीचा. साऱ्या गल्लीत त्यांच्या काट्याची शपथ घेत. तोलायच्या आधी ते तराजू उचलून गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायचे. ‘‘आधी रिकामा काटा पाहून घ्या. पासंग दिसला तर दुकान तुमचं.’’ रिकाम्या काट्याचं एक पारडं जरासं झुकलेलं असतं, त्याला पासंग म्हणतात, आणि लबाड दुकानदार पारड्याखाली मेणानं बारीक वजन चिकटवून तो मुद्दाम पाडतात. मामाजींच्या लेखी जगात एवढं एकच पाप होतं. बाकीचं सगळं ते माफ करायचे, अगदी माझं वजनसुद्धा.

तर टाळेबंदी लागली आणि हे गृहस्थ घरात अडकले. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातली सगळी भांडी वजनानुसार फडताळात लावली, त्यामुळे मामींना चहाचं गाळणं सापडायला दोन दिवस लागले. दुसऱ्या आठवड्यात ते पोळ्या तोलू लागले. ‘‘ही कालच्यापेक्षा हलकी आहे वं,’’ असं म्हणाल्यावर मामींनी लाटणं त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, ‘‘मंग तुम्हीच करा ना वजनदार.’’ मी वर ऑनलाइन तास घेत असायचो तर खालून जिन्याचे गज वाजवत यायचे. टण्, टण्, टण्. एका विद्यार्थिनीनं तर विचारलं, सर, तुमच्याकडे देऊळ आहे का?

मामी म्हणजे बारीकशा, ठसकेबाज बाई, आणि त्यांना जुना दमा. नागपूरच्या उन्हात कूलरची हवासुद्धा त्यांना बाधते. पंप कायम पदराच्या गाठीला. गंमत अशी की, घरात जिच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका, तीच बाई ‘दुकान उघडा’ म्हणून मागे लागलेली. ‘‘बाप्पा! हा माणूस आणखी महिनाभर घरात राहिला तर मी बिमारीनं नाही, ह्याच्यानंच जाईन,’’ असं त्या जिन्यातून मला ओरडून सांगायच्या. मामाजी मात्र ऐकायचे नाहीत. ते स्टीलचा पेला मामींच्या पाठीला लावायचे, दुसरं टोक कानाला, आणि डोळे मिटून बसायचे. ‘‘श्वासाचा आवाज बदलला आहे. काल पितळ होतं, आज कथिल वाटून राहिलं.’’ मामी म्हणायच्या, ‘‘पेला धुऊन ठेवा मंग.’’

पुढे निर्बंध थोडे सैल झाले. एक दिवस रस्त्याच्या एका बाजूची दुकानं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूची, असा नियम आला. आता मामाजींचं दुकान कोपऱ्यावरचं, एक शटर या गल्लीत, दुसरं त्या गल्लीत. सगळी इतवारी त्यांच्यावर जळली, कारण त्यांना रोज एक शटर उघडता येणार होतं. आणि या माणसानं काय करावं? त्यांनी कागदावर चौकोन आखले, अर्धा दिवस डोकं धरून बसले आणि जाहीर केलं, ‘‘ह्या गल्लीच्या नियमानं आज बंद. त्या गल्लीच्या नियमानं उद्या बंद. म्हणजे आपण रोजच बंद.’’ शेजारच्या दुकानदारांचे फोनवर फोन. ‘‘मामाजी, काहून असं उलटं वाचून राहिले?’’ मामाजी म्हणाले, नियम म्हणजे नियम. मी तर कपाळाला हातच लावला. इतका हुशार व्यापारी आणि एवढी साधी गोष्ट कळू नये, याचा मला रागच आला होता.

त्याच दिवशी तो पितळी काटा समोरच्या खोलीत आला. रोज सकाळी चहा झाला की मामाजी जमिनीवर बसकर अंथरून बसत, पुढ्यात चौरंग, चौरंगावर काटा. वजनं म्हणून एकसारखे चमचे. डावं पारडं जिवाचं, उजवं धंद्याचं. आधी डाव्यात टाकायचे: मामींचा दमा एक चमचा, स्वतःच्या रक्तातली साखर एक, गल्लीत कुणी आजारी असल्याची खबर एक. मग उजव्यात: बुडालेला लग्नाचा हंगाम एक, दुकानात शिरलेले उंदीर एक, आणि ठेलेवाला एक. मग मूठ धरून काटा उचलायचे. पारडं डावीकडेच झुकायचं. चमचे दोन्हीकडे सारखे असले तरी डावीकडेच. ‘‘मी नाही बोलत, काटा बोलते,’’ असं म्हणून ते हात झटकून उठायचे. मामी चिडून आणखी एक कारण सांगायच्या, की हे डावीकडे नवी खबर टाकणार. देशाचं धोरण असंच ठरत असावं, असं मला तेव्हा वाटायचं, आणि अजून तसं वाटणं गेलेलं नाही.

हा ठेलेवाला म्हणजे तीस वर्षं मामाजींच्या दुकानासमोर हातठेला लावून उभा राहणारा म्हातारा. दुकानातून निघालेला माल तोच पोचवायचा. टाळेबंदीत मामाजी त्याला तांदूळ-डाळ पाठवत, तो मुकाट घेई. पण एका दुपारी, ऊन नुसतं मी म्हणत असताना, तो इतवारीपासून रिकामा ठेला ढकलत हुडकेश्वरला आला. फाटकाबाहेरच थांबला. तोंडाला गमछा.

‘‘शेटजी, एकच शटर उघडा गा. एक दिवसाआड उघडा.’’

‘‘तांदूळ संपले का तुझे? थांब, देतो.’’

‘‘तांदूळ आहे. पण मी काय कबूतर आहो का, दाणे टाकले अन् झालं? मले ठेल्यावर माल पायजे. घरात बसून सून माह्याकडं पाहते अन् मी भिंतीकडं पाहतो.’’

मामाजी मागच्या खोलीत तांदूळ आणायला गेले. दुसरं काही सुचलं नाही की ते तांदूळ देतात. मी जिन्यात उभा होतो. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, फाटकाकडे पाहिलं, आणि चौरंगाशी वाकून पदरानं काटा पुसू लागल्या. घरात कुणी आलं की काही ना काही पुसायची त्यांची सवयच आहे. मला तर त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

मामाजी परत आले आणि काटा चमच्यांसकट ओसरीतून फाटकाशी घेऊन आले. ‘‘हे पाह्य, सकाळीच तोललं आहे. दोन्हीकडं तुह्यासमोर सारखे चमचे. तुह्या नावाचाबी एक आहे. तुले आणखी काही टाकायचं असन तर टाक.’’ म्हाताऱ्यानं खिसे चाचपले. तंबाखूची पत्र्याची डबी निघाली. उघडून दाखवली, आत चिमूटसुद्धा नव्हती. ‘‘हेच आहे,’’ म्हणाला, आणि फाटकावरून हात लांब करून ती रिकामी डबी त्यानं धंद्याच्या पारड्यात ठेवली.

मामाजींनी काटा उचलला. धंद्याचं पारडं सपकन खाली गेलं.

मामाजींचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. काटा खाली ठेवून ते आत गेले, चौरंगाखाली हात घालून काहीतरी शोधलं, मग मामींकडे बघत राहिले. मामी म्हणाल्या, ‘‘काटा बोलला ना? मंग उघडा दुकान.’’

आणि दुकान उघडलं. पण मामाजींनी घर दोन भागांत वाटून टाकलं. इतवारीतून आले की मागच्या नळावर अंघोळ, मग समोरच्या खोलीत मुक्काम, मधला दरवाजा बंद. दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक खिडकी आहे, तिथून मामी चिमट्यानं ताट सरकवायच्या. मामाजी बोलायचे नाहीत, तोंडावर मास्क, ताट वाजवायचे. एकदा टण् म्हणजे पोळी. दोनदा टणटण म्हणजे भाजी. तीनदा वाजलं की मामी विचारायच्या, ‘‘आता काय?’’ आणि पलीकडून आवाज यायचा, ‘‘काही नाही. पंप घेतला का, एवढंच.’’ कित्येक महिने हा तमाशा चालला. पहिले काही दिवस मामी वैतागल्या, नंतर खिडकीपाशी पाट टाकूनच बसू लागल्या. ‘‘लग्न झालं तेव्हाबी हे माणूस माह्याशी एवढं बोललं नव्हतं,’’ असं त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं, आणि लाजल्या. त्या वयात! मामी सुखरूप राहिल्या. ठेला पुन्हा दुकानासमोर उभा राहिला, डबी पुन्हा भरली.

आता सगळंच उघडं आहे. दुकानात आकडे दाखवणारा काटा आला, मास्क कुठल्या खणात आहेत ते कुणाला आठवत नाही. पितळी काटा ओसरीत टांगलाय आणि मामींनी पारड्यांत मनीप्लांट लावलाय. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी तो उतरवला, तर डाव्या पारड्याखाली माझ्या बोटाला मेण लागलं. चांगला जाड, जुना गोळा, आणि त्यात दोन गोल खळगे.

मी मामाजींना ओसरीतच गाठलं. ‘‘मामाजी, पासंग?’’

आधी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग हातातल्या वाटीवर टण् करून, ऐकून, वाटी खाली ठेवली. ‘‘तिची जोडवी होती गा. चांदीची, जुनी, वजनदार. पाय सुजायचे म्हणून काढून ठेवली होती तिनं. साऱ्या दुनियेले बरोबर तोलून दिलं, जावईबापू. तिच्यापुरतं नाही जमलं.’’

तेव्हा कुठे मला आठवलं, घरी तोलताना मामाजींनी रिकामा काटा एकदाही कुणाला दाखवला नव्हता. आणि कोपऱ्यावरच्या दुकानाचा तो उलटा नियम! मी त्यांना भोळसट समजत होतो. मला माझीच लाज वाटली.

‘‘मग त्या दिवशी डबीनं पारडं कसं झुकलं?’’

‘‘मलेबी वाटलं, गरमीनं मेण इरघळलं असन, जोडवी पडली असन खाली. शोधली. मंग तिच्या पायाकडं पाहिलं.’’ त्यांनी वाटी पुन्हा उचलली. ‘‘सुजल्या पायात घालून उभी होती. म्हाताऱ्याचं ऐकून तिनं पारड्यातून आपलं वजन काढून घेतलं होतं. आता तिच्यासमोर मी काय बोलू? तिले नका सांगू, की मले माहीत आहे.’’

मी आत गेलो. मामी फराळाचं पीठ चाळत होत्या. माझ्या हातातलं मेण पाहिलं आणि चाळण थांबली. ‘‘काटा मीच घासते ना,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘पहिल्याच दिवशी दिसलं होतं मले. राहू दिलं. कोणाले नाही आवडणार? पण तो म्हातारा उन्हात उभा राहिला न… त्याईले सांगू नका हो, जावईबापू. त्याईले वाटते, काटाच बोलला.’’

मी दोघांनाही शब्द दिला. आता रोज संध्याकाळी जिन्यात उभं राहिलं की खालचं सगळं ऐकू येतं. मधला दरवाजा उघडाच असतो, तरी मामाजी खिडकीपाशीच जेवायला बसतात. टण् वाजतं. आतून फरशीवर जोडव्यांचा आवाज येतो, पूर्वीपेक्षा सावकाश, मध्येच दम खायला थांबलेला. तो थांबला की मामाजींचा घास हातातच राहतो. पुन्हा सुरू झाला की ते स्वतःशीच म्हणतात, ‘‘चांदी आहे. अस्सल.’’ आणि मग जेवू लागतात.