टाच सोडायची नाही

टाचकाका बोलताना कुणाच्या तोंडाकडे बघत नसत. त्यांची नजर समोरच्याच्या पावलांवर असायची. मी पहिल्यांदा त्यांच्या दारात गेले तेव्हा 'या, बसा' वगैरे काही नाही. मी काढून ठेवलेल्या चपला त्यांनी उचलून उलट्या केल्या, तळवे निरखले आणि म्हणाले, "उजवी टाच पार झिजली, डावी कोरीच्या कोरी. एकाच पायावर चालून राहिल्या का वहिनी?" मी ओशाळले. डावा गुडघा दुखतो हे मी अजून सांगितलंही नव्हतं.

अयोध्या नगर या आमच्या वसाहतीत, आमच्याच गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. मूळचे नागपूरकडचे, जवळच्या मोठ्या कारखान्यात फिटर म्हणून सगळी नोकरी काढलेली. माझे यजमान तिथेच ड्रॉइंग ऑफिसात होते, त्या नात्याने मी वहिनी. निवृत्तीनंतर काकांनी पोर्चमधली स्कूटर उन्हात काढली आणि तिथे एक लोखंडी बार, वजनाच्या चकत्या आणि दोन खांबांचा स्टँड उभा केला. सकाळ-संध्याकाळ सात-आठ माणसं तिथे खांद्यांवर बार घेऊन खाली बसायची आणि उठायची. तरुण मंडळी त्याला स्क्वॉट म्हणत, काका बैठक म्हणत. कितीही वजन घ्या, टाच जमिनीवरून सुटता कामा नये, ही त्यांची एकच ओरड. त्यामुळे मराठी घरांत ते टाचकाका आणि बाकी हिंदी बोलणाऱ्या गल्लीत 'एड़ीवाले अंकल'. खरं नाव बहुधा पोस्टमनलाच ठाऊक असावं.

मी काही हौसेने गेले नव्हते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशनची गरज नाही, गुडघा जपा आणि थोडा व्यायाम करा. त्यातलं सोयीचं तेवढं मी ऐकलं आणि गुडघा जपायला लागले. स्वयंपाकघरात खुर्ची आली, मग देवासमोर आली, मग बाल्कनीत तुळशीजवळ. मंडळाच्या हळदीकुंकवाला तर आम्ही सगळ्याच जणी भिंतीला टेकून ओळीने खुर्च्यांवर. सतरंजी मधोमध रिकामी पसरलेली, आणि तिच्यावर टाचकाकांच्या बायको, आमच्या काकू, एकट्याच मांडी घालून बसलेल्या.

मग दिवाळीनंतरच्या एका सकाळी मी खालच्या फडताळातला डबा काढायला जमिनीवर बसले आणि मला उठताच येईना. यजमान गेल्यापासून घरात मी एकटी. टेबलावर फोन वाजत होता, पुण्याहून माझा मुलगा निखिल करत होता, आणि मी फरशीवर बसून तो वाजताना ऐकत होते. तासाभराने फरपटत पलंगापर्यंत गेले आणि त्याला धरून कशीबशी उभी राहिले. निखिल दुसऱ्या दिवशी हजर झाला. "आई, आता हे घर विकू. तू माझ्याकडे चल," म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं. पण या घरातला एकेक खिळा यजमानांनी ठोकलेला होता, आणि पुण्यातल्या अकराव्या मजल्यावर मला हाक मारणारं कोण होतं? मी मुदत मागितली. तो म्हणाला, बरं, मे महिन्यात येतो, तेव्हा ठरवू.

म्हणून मी टाचकाकांकडे गेले. त्यांनी आधी डॉक्टरांकडे परत पाठवलं, विचारून या म्हणाले. मग एक बुटकं स्टूल मांडलं आणि त्याच्यावर आठ फळ्या एकावर एक रचल्या. माझं काम एवढंच, छातीशी हात घेऊन त्या फळ्यांवर टेकायचं आणि उठायचं. उंची इतकी की नुसतं वाकल्यासारखं झालं. मला हसू आलं. काका म्हणाले, दहा दिवसांनी एक फळी काढू, मग हसा.

लोक बैठका का टाळतात याच्या कारणांचा काकांकडे मोठा साठा होता. शेजारचे शर्माजी म्हणत, घुटने घिस जाएँगे. कुणी म्हणे, जिने चढतोच की. कुणाला डॉक्टरांनी मनाई केलेली असे; कुठल्या डॉक्टरांनी, असं विचारलं की तो डॉक्टर मोबाइलमध्ये निघे. माझं कारण मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं. शाळेत बाई कान धरून उठाबशा काढायला लावत, तेव्हापासून त्या म्हणजे शिक्षाच वाटतात. काका म्हणाले, "कान तं सोडून द्या आधी." झिजण्याची भीती मात्र ते हसण्यावारी नेत नसत. सगळी हयात यंत्रं खोलण्यात गेलेली. "बेअरिंग चालवलं का झिजते," ते म्हणत, "गुडघा बसवून ठेवला का गंजते." स्कूटरवरून पडल्यावर त्यांनी स्वतः दोन वर्षं गुडघ्याला पट्टा बांधून काढली होती. बुटाच्या नाड्या काकू बांधून द्यायच्या. त्या एका शब्दाने कुरकुरल्या नाहीत, तेच आपल्याला लागलं, असं त्यांनी एकदा सांगितलं.

मार्चपर्यंत माझ्या पाच फळ्या गेल्या. काढलेल्या फळीवर काका खडूने तारीख घालून ती मला घरी देत. मी त्या शोकेसमध्ये ठेवल्या होत्या, निखिलच्या शाळेतल्या बक्षिसांशेजारी. मे जवळ येत चालला तशी मला घाई झाली. काकांना न सांगता घरी एका बुटक्या चौरंगावर बैठका काढायला लागले, म्हणजे एकदम दोन फळ्या खाली. तिसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजला. सगळे म्हणत होते तेच खरं, असं मनाशी ठरवून मी आठवडाभर घरात बसले. निखिलला फोन करून 'घराचं बघ' म्हणून सांगणारच होते.

तेवढ्यात काका आले. माझ्या हॉलमधली खुर्ची सरकवून जमिनीवर बसले, गुडघा पाहिला, मग चौरंग पाहिला. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "गुडघ्याचं काही चुकलं नाही, वहिनी. सूज उतरू द्या, मग तीन फळ्या परत चढवू." माझा चेहरा पडला असणार. "हे पाहा," ते म्हणाले, "फळी परत ठेवायची लाज वाटते, म्हणून लोक सोडून देतात. दुखते म्हणून नाही." मी शोकेसमधून तीन फळ्या काढून त्यांच्या हातात दिल्या. सूज उतरल्यावर पुन्हा वरून सुरुवात केली, आणि या खेपेला गुडघा ऐकू लागला. मग काका दहा दिवसही थांबले नाहीत. एप्रिलअखेर सगळ्या फळ्या गेल्या, स्टूलही गेलं, आणि एका संध्याकाळी काकांनी माझ्या खांद्यांवर नुसता बार ठेवला. वीस किलो, म्हणजे दळणाला नेतो तेवढे गहू. काका समोर उकिडवे बसून माझ्या पायांकडे बघत होते. मी श्वास घेतला, खाली गेले आणि वर आले. शर्माजी कुंपणापलीकडून बघत होते.

मे महिन्यात निखिल आला. आमरस केला होता. मी मुद्दाम हॉलमध्ये दोन पाट मांडले. रसाचं पातेलं हातात धरून, कशाचाही आधार न घेता उठायचं, ही सगळी तालीम काकांकडे झालेली होती. मी उठले, आतून पुऱ्या आणल्या, बसले, पुन्हा उठले, रस वाढला. निखिल त्याच्या ऑफिसातल्या साहेबाच्या तक्रारी सांगत होता. त्याच्या काही लक्षातच आलं नाही. मला थोडा रागही आला. जेवण झालं तसा तो उठायला लागला, एक हात जमिनीवर, एक गुडघ्यावर, आणि तोंडाने "आई गं." पस्तिशीचा मुलगा. मी उभीच होते, त्याला हात दिला. माझा हात धरून तो उभा राहिला आणि माझ्याकडे बघतच राहिला.

"आई, तू कशी उठलीस?"

मी म्हटलं, "पायांनी."

घर विकण्याचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही. माझ्या छातीवरचं ओझं इतकं एकदम उतरलं की स्वयंपाकघरात नळ सोडून मी पोटभर रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निखिलला काकांकडे नेलं. काकांनी त्याचे बूट उलटे केले.

यंदा काकूंची नजर फार मंदावली. नागपूरच्या लेकीने दोघांना कायमचं तिकडे यायला सांगितलं. मी काकांना म्हटलं, मला इथे राहायला लावलंत आणि तुम्हीच चाललात. ते म्हणाले, "तिले दिसत नाही, वहिनी. त्याले माझे गुडघे काय करतील?" बार, चकत्या आणि स्टँड त्यांनी माझ्या पोर्चमध्ये आणून लावला. आता संध्याकाळी तिथे सहा जण येतात, त्यात हळदीकुंकवातल्या तिघी आहेत. शर्माजी चौथ्या फळीवर आहेत.

काका-काकूंना पोचवायला मी हबीबगंज स्टेशनवर गेले. त्याचं नाव बदललं तरी आमच्या तोंडी जुनंच आहे. काकू आत खिडकीशी बसल्या होत्या, काका दाराजवळ फलाटावर. मी खाली बसून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठले. आशीर्वाद देतील म्हणून वाट पाहत होते. काका माझ्या पायांकडे बघत होते.

"टाच उचलली, वहिनी. परत."

गाडीची शिट्टी झाली. मी साडी सावरली, टाचा फलाटावर घट्ट रोवल्या, पुन्हा खाली बसून नमस्कार केला आणि सरळ उभी राहिले. तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"झालं बरोबर," ते म्हणाले. "येतो."