काळ्या चहासारखी लघवी

"तुमच्या मुलीच्या मांड्यांचं मांस आतून फुटलंय," जळगावचे डॉक्टर म्हणाले. "त्याचा रंग रक्तात उतरला आणि किडनीत जाऊन बसला. रॅब्डोमायोलिसिस म्हणतात याला."

ते नाव मी पुन्हा विचारलं. मी चौथीपर्यंत शिकलेली. डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "मावशी, सवय नसताना शरीराला एकदम जबर कष्ट दिले की स्नायू तुटतात. ते तुटलेलं सगळं किडनीला गाळावं लागतं. अंगात पाणी असलं तर निभावतं. हिच्या अंगात पाणीच नव्हतं. चाळणी बुजली."

"मग आता?"

"आता लघवी सुटायची वाट बघायची. नाही सुटली तर अवघड आहे."

अवघड म्हणजे काय, ते मला कळलं होतं.

निर्मला माझी धाकटी. रावेरजवळच्या आमच्या गावातून दोंडाईच्याला दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं. पाळी कधी दोन महिन्यांनी यायची, कधी चार. अंगाने ती पहिल्यापासून भरलेली. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, चरबी उतरली तर पाळी सुधारेल, मूलही राहील. पण हळूहळू उतरवा. रोज चालायचं, तेलकट कमी करायचं, सहा-आठ महिने धरून चला.

सहा-आठ महिने कोणाकडे होते? जावई आधीच बोलून बसले होते, "आखाजीनंतर मी दुसरीचं बघतो." तिची सासू ते लपवत नव्हती. दळणाच्या गिरणीवरही सांगायची.

धुळ्यात तेव्हा एका माणसाने बायकांसाठी व्यायामाचा वर्ग काढला होता. त्याला सगळ्या सर म्हणत. तीन आठवड्यांत चरबी उतरवून देतो, असा त्याचा बोल. उठाबशा, उड्या, जागच्या जागी पळणं, दम घ्यायला फुरसत नाही. पोटाला आणि मांड्यांना प्लास्टिक गुंडाळायचं, म्हणजे घाम जास्त निघतो. आणि व्यायामाच्या दिवसांत पाणी घोटभरच, कारण प्यायलेलं पाणी अंगात साठतं म्हणे.

निर्मला धुळ्याला नणंदेकडे राहून तिथे जाऊ लागली. मी खोटं सांगणार नाही, त्या वर्गात बारीक झालेल्या बायका होत्या. एक तर अजून भेटते, ठणठणीत आहे. म्हणून तो वर्ग सगळ्यांना मारतो असं मी म्हणत नाही. माझी पोर त्यात मरायला टेकली, एवढंच सांगते.

वर्ग सुरू होऊन थोडेच दिवस झाले आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी येतेच. नाही आली तर गाव विचारतं, भांडण झालं का. सरांनी तिला सांगून पाठवलं, खाडा पडला तर केलेलं वाया जाईल, घरी दुप्पट कर.

ती आली तेव्हा वैशाखातलं ऊन असं की केळीची पानं दुपारी माना टाकत. सकाळी उठून ती गोठ्यामागे उठाबशा काढायची. लुगड्याखाली प्लास्टिक, खताच्या गोणीच्या आतलं. मी म्हटलं, "अगं, मढ्याला बांधतात तसं काय बांधलंस?"

"माय, सासरी हसायचं सोंग करते, माहेरी तरी मनासारखं करू दे," ती म्हणाली आणि हसली.

मग झोका. आखाजीला आमच्या निंबाला मोठा झोका बांधतात. माहेरवाशिणी गाणी म्हणतात, उभ्याने झोके चढवतात. उभ्याने झोका चढवायचा म्हणजे गुडघ्यात बसायचं आणि जोर करून उठायचं, पुन्हा बसायचं, पुन्हा उठायचं. ज्याने घेतलाय त्याला माहीत आहे, मांड्या कशा भरून येतात ते.

निर्मलाच्या डोक्यात आलं की हाही व्यायामच. दुसऱ्या पोरी दमून उतरायच्या, ही उतरेना. त्या चिडवत, "निर्मलाताई, फांदी मोडेल हो! निंबाने काय पाप केलं?" ती जास्तच जोर करायची. घामाने निथळत होती. मी तांब्या पुढे केला तर एक घोट घेऊन परत दिला. सणाला लेकीला कामाला लावत नाहीत, तिला पाहिजे ते करू देतात. म्हणून कोणी तिला खाली ओढलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला बाजेवरून उठता येईना. मांड्या दगडासारख्या घट्ट. सगळे हसले. झोक्याने कोणाच्या मांड्या भरत नाहीत? मी गरम तेल लावून चोळल्या. ती ओरडली, तरी चोळल्या.

संध्याकाळी तिने हळूच सांगितलं, "माय, लघवी काळी झाली."

मी जाऊन पाहिलं. दूध न घातलेल्या चहासारखी. आमच्याकडे उन्हाळ्यात लघवी लाल झाली की उन्हाळी लागली म्हणतात आणि धण्या-जिऱ्याचं पाणी देतात. तेच दिलं. तिने वाटीभर प्यायलं आणि ओकलं. मग लघवी थेंबाथेंबाने आली, मग आलीच नाही. तोंड सुजलं, तेव्हा केळीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसवून जळगाव गाठलं.

तिथे रक्त तपासलं. क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा रक्तातच राहिलेला. पोटॅशियमही वाढलेलं. त्याने हृदय बंद पडू शकतं, असं डॉक्टर म्हणाले. रक्त धुण्याचं मशीन त्या दवाखान्यात नव्हतं आणि मुंबईपर्यंत ती टिकेल याची खात्री नव्हती. त्यांनी बेंबीखाली भोक पाडून नळी घातली. बाटलीतलं पाणी पोटात सोडायचं, थांबायचं, मग घाण घेऊन ते बाहेर येतं. पेरिटोनियल डायलिसिस. रात्रंदिवस तेच. ती शुद्धीवर असायची, हेच वाईट होतं.

सगळ्यात हाल पाण्याचे झाले. किडनी बंद, म्हणून आता डॉक्टरांनीच पाणी बंद केलं. ओल्या कापसाने ओठ पुसायचे, बस. ती माझा हात धरून म्हणायची, "माय, एक घोट." मी नाही म्हणायचे. ज्या पाण्याने ती वाचली असती तेच आता तिच्या छातीत भरलं असतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने मला कसाबीण म्हटलं. मी तांब्या लपवला.

विहीणबाई एकदा येऊन गेल्या. तोवर निर्मलाची सूज ओसरली होती आणि खाली हाडं दिसू लागली होती. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बारीक तं व्हयी गयी पोर."

मी म्हटलं, "झाली ना. आता आणखी बारीक व्हायची ती राख होऊनच. बघायला थांबता का?"

त्या थांबल्या नाहीत. जावई खाली पानाच्या टपरीवरच उभे होते.

मग एका सकाळी नर्सबाईने खाटेला लावलेली लघवीची पिशवी उचलून मला दाखवली. तळाशी लघवी होती. गढूळ, पण होती. दुपारी जास्त झाली. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. माझ्या तिन्ही बाळंतपणांत मला एवढा आनंद झाला नव्हता. डॉक्टरांनी पिशवी उजेडात धरली आणि म्हणाले, "मावशी, आता पाणी द्या."

मी चमच्याने दिलं. ती रडली. मी रडले नाही. चमचा सांडला असता.

किडन्या बऱ्यापैकी सुधारल्या. मुलाचं मात्र डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, निदान दोन वर्षं नाव काढायचं नाही, नंतरही तपासून. हे ऐकल्यावर दोंडाईच्याहून कोणी आलं नाही. सोडचिठ्ठी झाली. जावयांनी दुसरी केली.

आम्ही निघताना डॉक्टरांनी सांगितलेलं इथे लिहिते, कारण आजही नातेवाइकांतल्या पोरी लग्नाआधी बारीक व्हायचे वर्ग शोधतात. व्यायाम वाईट नाही. थोड्यापासून सुरू करा, हळूहळू वाढवा. उन्हात आणि प्लास्टिक बांधून करू नका. पाणी तोडायला सांगणाऱ्याच्या दारात परत जाऊ नका. मांड्या दगडासारख्या झाल्या आणि लघवी काळी झाली तर तेल चोळत बसू नका, धणे-जिरे उकळत बसू नका, दवाखाना गाठा. आणि घाई कोणाची आहे ते आधी विचारा. निर्मलाच्या शरीराला घाई नव्हती, घाई दोंडाईच्याला होती.

त्या डॉक्टरांचे आणि नर्सबाईचे उपकार आहेत. बाकी कोणाचे नाहीत.

निर्मला माझ्याजवळच आहे. केळीच्या वखारीत घड मोजून घेते, माणसांवर ओरडते. अंग परत भरलं आहे. संध्याकाळी बांधावरून चालते, बास. आखाजीला निंबाला झोका बांधतो. ती बसून झोका घेते आणि लहान पोरींना पाणी पाजते.

मी अजून रोज सकाळी तिला विचारते, "लघवी कशी झाली?" अंगणात पाहुणे असले तरी विचारते. ती लाजायची आधी. आता तिथूनच ओरडते, "पाण्यासारखी गं, माय!"

मग मी चहा ठेवते.