सोयराबाईची दुपार

नवरा रिटायर झाला की बाईचं काम वाढतं, असं लोक म्हणतात. लोकांना काय कळतंय. नुसतं काम वाढलं असतं तर सोयराबाई कुरकुरली नसती. तिची दुपार गेली. आणि हे दुखणं असं की कुणापाशी बोलायची सोय नाही. बोलायला जावं तर समोरची म्हणणार, "नवरा घरात बसलाय ना, पत्त्यांच्या अड्ड्यावर तर नाही? मग नशीबवान आहात."

ही दुपार म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. म्हैसूरला कुवेंपुनगरात, मोठ्या रस्त्यापासून आत वळलं की तिचं बैठं घर. नवरा शेषगिरी मंडी मोहल्ल्यात टेलर. पँट, सफारी, लग्नाचे कोट. सकाळी डबा घेऊन स्कूटरवर जायचा तो दिवेलागणीला परत. मुलगा गगन बंगलोरला नोकरीला. म्हणजे जेवणाची भांडी घासून पालथी घातली की घर तिचं एकटीचं.

मग ती काय करायची? तसं बघितलं तर काहीच नाही. मागच्या दारी मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, वेल होता, त्याची माती खुरप्यानं मोकळी करायची. कढीपत्त्याला आंबट ताक पाजायचं. हात धुऊन मशीनवर बसायचं. शिंप्याच्या घरात जन्मलेली आणि शिंप्याच्याच घरात दिलेली बाई ती, पण तिची शिलाई दुकानातली नव्हती. जुन्या साड्यांचे उशांचे अभ्रे, गगनच्या शर्टांच्या भाजीच्या पिशव्या, मनात आलं तर पडद्याला झालर. मध्येच उठून गगननं आणून दिलेल्या ओव्हनमध्ये नानकटाई सरकवायची. वेलचीचा वास घरभर, रेडिओ बारीक आवाजात, आणि काय करतेस, कशाला करतेस, असंच का करतेस, हे विचारणारं कुणी नाही. हे सुख ज्यानं भोगलंय त्यालाच त्याची किंमत. बाकीच्यांना वाटतं बाई घरात बसून असते.

तर शेषगिरीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि गगननं सांगितलं, "आप्पा, साकु आता. पुरे झालं." दुकान भाच्याच्या हवाली करून शेषगिरी घरी आला. आला तो गळ्यात टेप आणि कानामागे खडू घेऊनच. माणूस सोन्यासारखा. विडी नाही, तपकीर नाही, आवाज चढवणं नाही. खोड एकच, की कुठलीही वस्तू दिसली की हिचं माप बरोबर आहे का, हे बघितल्याशिवाय त्याला राहवत नाही. जित्याची खोड.

पहिले काही दिवस तो दुपारचा झोपला. मग झोप पुरी झाली. एक दिवस सोयराबाई मशीनवर बसली असताना पाठीमागे येऊन उभा राहिला.

"टाका मोठा पडतोय."

"उशीचा अभ्रा आहे हो."

"उशी झाली म्हणून काय झालं? शिलाई ती शिलाई." आणि तिनं तासभर बसून शिवलेलं त्यानं दोन मिनिटांत उसवलं. नीट करून दिलं, तिच्यापेक्षा दसपट सुबक. सोयराबाईनं तो अभ्रा कपाटात सगळ्यात खाली टाकला.

पुढच्या आठवड्यात वेलाची पाळी आली. शिवरात्र उलटली होती, मल्लिगेला कोवळे शेंडे फुटले होते, टोकांना मोहरीएवढ्या कळ्या. सोयराबाई रोज सकाळी त्या कळ्यांना बघून यायची. त्या दुपारी ती नानकटाईचं पीठ मळत होती, तेवढ्यात शेषगिरी कापडाची मोठी कात्री घेऊन मागं गेला आणि वेलाचे लोंबते शेंडे एका रेषेत कापून आला. "काठ वेडावाकडा झाला होता, सरळ केला," म्हणाला. वेल न्हाव्याकडून नुकत्याच आलेल्या पोरासारखा उभा. खाली कळ्यांचा सडा.

"अय्यो, कळ्या शेंड्यालाच येतात हो," एवढंच ती म्हणाली. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून थोडं रडली. हो, रडली. वेलासाठी रडू नये असं कुठं लिहिलंय का?

पण बोलली नाही. कशी बोलणार? त्याला तर आनंद मावत नव्हता. येईल-जाईल त्याला सांगायचा, "जन्म गेला दुकानात, आता कुठं माझं घर बघतोय." असल्या माणसाला 'उठा आणि चालू पडा' म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं? तिच्या आईनं कधी म्हटलं नव्हतं, सासूनं म्हटलं नव्हतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. सोयराबाई भिडेपायी गप्प राहिली आणि स्वतःच्याच घरात दुपारभर चोरासारखी वावरू लागली. त्याचा डोळा लागला की मशीनवर बसायची, तो खोकला की उठायची. रेडिओ तर लावेनाच. लावला की तो म्हणायचा, "आवाज जरा वाढव, मी पण ऐकतो."

मग तो केकचा दिवस उजाडला.

शेजारची वनजा सकाळीच आली. तिच्या मुलीला बघायला संध्याकाळी मंडळी येणार होती. "सोयराबाई, तुमचा तो केळ्याचा केक करून द्या ना. बेकरीचा नको, घरचा पाहिजे." सोयराबाईला कोण आनंद. घरात रसबाळे केळी पिकून डागाळली होतीच. जेवणं झाल्यावर तिनं केळी कुस्करली, लोणी-साखर फेसली, मैदा चाळला, सोडा चमच्यात घेऊन बोटानं सपाट करून घातला. शेषगिरी स्टुलावर बसून बघत होता.

तेवढ्यात फाटकाशी फुलवाली ओरडली. सोयराबाई बाहेर गेली. वेल कापल्यापासून देवाला फुलं विकतच घ्यावी लागत होती, आणि ती कुणामुळं ते तुम्हांला ठाऊक आहे.

ती परत आली, भांडं ओव्हनमध्ये ठेवलं. थोड्या वेळानं जळका वास. जाऊन बघते तर केक भांड्याबाहेर येऊन ओव्हनच्या तळाशी सांडलेला, तिथं करपलेला, आणि मधोमध एवढा मोठा खड्डा. वरचा रंग काळपट. कडेचा तुकडा तोंडात टाकला तर साबण.

"काय घातलंत यात?"

शेषगिरीचा चेहरा पडला होता. पण खोटं बोलायची त्याला सवय नाही. "सोडाच घातला. तू अगदी मापात घेतलास. मी थोडी माया ठेवली."

"माया?"

"म्हणजे शिवणीत ठेवतो तशी. दोन बोटं जास्तीची. उद्या गिऱ्हाईक जाड झालं तर उसवून वाढवता यावं म्हणून. कमी पडलं तर काय करणार मग?"

आयुष्यभर ज्या माणसानं प्रत्येक शिवणीत दोन बोटं कापड जास्त ठेवलं, त्यानं सोड्यातही ठेवलं. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. अति तिथे माती, आणि माती ओव्हनभर.

सोयराबाईनं पदर खोचला. बोलत बसली असती तर वनजाचे पाहुणे येऊन ठेपले असते. तिनं जुनी कढई काढली, तळाला मीठ पसरलं, गॅसवर तापवली, आणि ओव्हन येण्याआधी करायची तशी नानकटाई मळून, ताटलीत मांडून वर झाकण ठेवलं. शेषगिरी खाली बसून ओव्हन खरवडत राहिला. ताटल्यांवर ताटल्या निघाल्या. डबा भरून वनजाकडे पोचवला तेव्हा पाहुण्यांची गाडी वळतच होती.

घरी येऊन ती त्याच्यासमोर बसली. हाताला अजून मैदा होता.

"मला माझी दुपार परत पाहिजे," ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून तिनं त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं असं नाही. पातेलं मागितलं होतं, गगनची फी मागितली होती, मशीनला तेल मागितलं होतं. पण अमुक एक मला पाहिजे, माझ्यासाठी पाहिजे, असं वाक्य तिच्या तोंडून निघालं ते पहिलंच. तिचं तिलाच नवल वाटलं आणि भीतीही वाटली.

शेषगिरीचं खरवडणं थांबलं. मग म्हणाला, "म्हणजे मी नको?"

"तुम्ही पाहिजे. दुपारी नको."

त्यानं हातातलं उलथणं खाली ठेवलं. वाईट वाटलं त्याला, ते दिसत होतं. डोळे पुसले, चष्मा परत घातला. आणि मग, खरं सांगायचं तर त्या माणसाला बायकोची समजूत घालता येत नव्हती, रागावता येत नव्हतं. एकच गोष्ट येत होती, ती त्यानं केली. कानामागचा खडू हातात घेतला आणि विचारलं, "माप सांग. कधीपासून कधीपर्यंत?"

सोयराबाईला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. इथं हसलं तर ऑर्डर फिसकटायची. "भांडी घासून झाली की. ते शाळेची पिवळी बस कोपऱ्यावर वळेपर्यंत."

"मध्ये पाणी प्यायला यायचं का?"

"नाही. बाटली न्या."

"ऊन असलं तर?"

"छत्री आहे."

"रविवारी?"

तिनं जरा विचार केला. "रविवारी राहा."

"कधीपासून पाहिजे?"

"उद्यापासून."

"उद्या कठीण आहे," तो सवयीनं म्हणाला, "शुक्रवारी ये." सगळ्या मंडी मोहल्ल्याला तो हेच सांगत आला होता, शेषगिरीचा कपडा सांगितलेल्या दिवशी मिळाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. "बरं," तो म्हणाला, "उद्या."

दुसऱ्या दिवशी शेवटचं पातेलं पालथं पडलं आणि तो उठला. बाटली घेतली, छत्री घेतली, चपला घातल्या. कुठं जाणार ते त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही.

फाटक वाजलं. सोयराबाई थोडा वेळ नुसती बसून राहिली. घरात कुणी नव्हतं आणि ते अंगाला गार पाण्यासारखं लागत होतं. मग ती मागं गेली. वेलाच्या कापलेल्या जागी दोन-दोन पानं फुटत होती; फुलं यायला अवकाश होता, येऊ देत सावकाश. माती उकरली, ताक घातलं. नखात माती घेऊनच घरात आली, रेडिओ लावला, हात धुतले, मशीनवर बसली. पिवळ्या साडीचा जुना पदर काढला आणि पडद्याला झालर लावायला घेतली. टाका मुद्दाम मोठा ठेवला. शिलाई वाकडी गेली तर जाऊ दिली. मध्ये उठून कालच्या उरलेल्या नानकटाया खाल्ल्या, उभ्याउभ्याच, डब्यातून. इतकं बरं तिला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

ऊन उतरलं तसं तिनं चहाचं आधण ठेवलं, दोन कपांचं. ठेवताना खिडकीतून बाहेर नजर गेली. फाटकाबाहेर करंजाच्या झाडाखाली शेषगिरी उभा होता. हातात पालेभाजीची जुडी, छत्री मिटलेली. आत बघत नव्हता. मान कोपऱ्याकडे वळवून बसची वाट बघत होता, आणि बस काही येत नव्हती.

शेजारच्या गच्चीतून वनजानं विचारलं, "एनु शेषगिरी अवरे, किल्ली विसरलात की काय?"

"नाही, नाही," तो म्हणाला. "अजून वेळ आहे."

सोयराबाईचा हात दाराच्या कडीकडे गेला. एक हाक मारली असती तर काय बिघडलं असतं? माणूस दमलेला, उन्हातून आलेला. हात कडीवर तसाच राहिला. मग तिनं तो काढून घेतला, गॅस बारीक केला आणि परत मशीनवर येऊन बसली. झालरीचं एक टोक राहिलं होतं. बस आज उशिरा आली तर बरं, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याची जराही लाज वाटली नाही.