बोटीचा वायरमन

अंबडच्या अलीकडे धरणाला लागून आमची जमीन. थोरल्या भावाने तिथे लोकांना फिरवायला बॅटरीवर चालणारी पत्र्याची बोट आणली आणि अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, त्याला चारचौघांत मूर्ख म्हणायला रोजचं निमित्त मिळालं.

भावाला फक्त बोटीच्या लाइटचं काम जाणणारा माणूस हवा होता. त्याने जालन्याच्या एमआयडीसीत चकरा मारल्या. कारखान्यांच्या मोठमोठ्या मोटारी दुरुस्त करणारे भेटले, पण बोटीचं नाव काढलं की हात जोडायचे. शेवटी रत्नागिरीकडचा एक जण फोनवर यायला कबूल झाला. त्याच संध्याकाळी अण्णांनी पारावर भावाची सालटी काढली.

"समुद्राची लाइट काय येगळी असती का? आपला वायरमन झोपून राह्यला का? बिलकुल कुणाला बोलवायचं न्हाई!"

आपला वायरमन म्हणजे गावातले पंप जोडणारा. त्याची रीत सगळ्या शिवाराचीच: एक तार खांबावरून, दुसरी लोखंडी सळईला बांधायची आणि सळई ओल्या जमिनीत ठोकायची, म्हणजे करंट तिच्यातून जमिनीत उतरतो. धरणाकाठी चार्जर जोडताना त्याने सळईही वाचवली. दुसरी तार सरळ बोटीच्या पत्र्याला आवळली.

"पाण्यात बसलेल्या पत्र्यावानी अर्थिंग न्हाई, अण्णा."

हिवाळाभर सगळं बराबर चाललं. अण्णा येईल त्याला बोट दाखवत आणि भावाला मोठ्याने विचारत, "आल्ता का रे तुझा रत्नागिरीवाला?" लोक हसत. भाऊ मान खाली घालून पुढची माणसं बोटीत बसवी. तेव्हा मला अण्णांचा राग यायचा, आता किळस येते.

उन्हाळ्यात पाणी हटलं, बोट कोरड्या मुरुमावर राहिली. लाइट गेलेली होती, चार्जर जोडलेलाच होता. भाऊ घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून बोट आत ओढत होता, तेवढ्यात लाइट आली. पत्र्यातला करंट त्याच्यातूनच पाण्यात गेला.

भेटायला येणाऱ्यांना अण्णा सांगत, "बुडाला. पव्हताच येत न्हवतं त्याला." आमच्या विहिरीत त्याला पोहायला अण्णांनीच शिकवलं होतं. हे मी सगळ्यांसमोर बोलले, तर ते शांतपणे म्हणाले, "हिला आत न्या."

तेराव्याला दारात मांडव घातला. लाइट त्याच वायरमनने जोडली. एक तार खांबावरून घेतली, दुसरीसाठी अंगणात सळई ठोकली. जमीन कोरडी होती म्हणून बल्ब मिणमिणत होते. अण्णा उठले आणि सळईच्या बुडाशी त्यांनी स्वतःच्या हाताने तांब्याभर पाणी ओतलं.