आधी शेल विचारणारे भाऊ

भाऊ कुठल्याही मशीनशी जोडले गेले की पहिला प्रश्न एकच टाकायचे: इथला शेल कोणता? शेल म्हणजे आपली आज्ञा वाचून मशीनकडून काम करून घेणारा प्रोग्राम. तो सगळीकडे सारखा नसतो. अकोल्याच्या आमच्या माती-तपासणीच्या ऑफिसात बसून भाऊ तिवसा, अंजनगाव, बार्शीटाकळीची मशीनं सांभाळायचे. रोजचीच मशीनं, तरी हा माणूस विचारणारच. मला मेलीला हसू यायचं.

कालच तर पाहिलं ना, असं मी चिडवलं की म्हणायचे, "कालचं काल. आज कोनी बदलून ठेवला असन तं?" मग कुठेही चालेल अशा साध्या शेलसाठी लिहिलेली फाईल पाठवायचे. तिला वेळ लागायचा. मी अमरावतीहून नवी नोकरीला आलेली, मला कुठला धीर!

एका दुपारी भाऊ जेवायला गेले असताना मी अंजनगावच्या मशीनवरचा जुना फोल्डर पुसायला थेट एका ओळीची आज्ञा पाठवली. चुकांचे संदेश दिसू नयेत म्हणून शेवटी दोनचा आकडा आणि बाण लिहिला. आमच्या शेलला ती खूण कळते. तिथल्या शेलनं दोन हे आणखी एका फोल्डरचं नाव समजून तोही पुसला. त्यात प्लॉट नंबर दोनच्या सहा वर्षांच्या नोंदी होत्या. बॅकअपची डिस्क बिघडलेली, नवी मागून मागून भाऊ थकले होते.

भाऊ जेवून आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. भाऊंनी पडदा पाहिला आणि हळूच म्हणाले, "तू गप राय. तुयी सुरुवात हाये, माया तं होत आलं." ऑफिसच्या साहेबांना त्यांनी सांगितलं की आज्ञा त्यांनी स्वतःच दिली. पंधरा वर्षं नोकरी केलेला माणूस त्याच आठवड्यात घरी बसला.

आणि मी गप्प राहिले. बार्शीटाकळीला त्यांच्या घरी जायचं, साहेबांना खरं सांगायचं, हे दर रविवारी ठरवायची आणि दर सोमवारी मुकाट कामावर जायची. लाज वाटते सांगायला, अशी दोन वर्षं गेली. मग भाऊ गेल्याचाच फोन आला.

साहेबांना सगळं सांगून मी बार्शीटाकळी गाठली. वहिनींसमोर बसून रडत म्हटलं, ती चूक माझी होती.

त्यांनी पाण्याचा गिलास पुढे केला. "मले मालूम हाये, बाई. तू येशीन म्हनून वाट पाहेत होते ते."